कॅमेरा बुडाला तरी चालेल

अजिंठ्याच्या लेण्यांत एक जहाज आहे. भिंतीवर रंगवलेले. तसले जहाज कोणी बांधले, ते कोणत्या बंदरातून सुटले, शेवटी कुठे गेले, हे कुणालाच ठाऊक नाही. त्या काळच्या जहाजांचे लाकूड कुजले, दोर झिजले, खलाशी काळाच्या पोटात गेले. राहिले ते चित्र. आणि सुमारे पंधराशे वर्षांनंतर त्या चित्राच्या आधाराने एक खरेखुरे जहाज उभे राहिले. लाकडी फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवून ते गोव्यात बांधले गेले आणि २१ मे २०२५ रोजी आपल्या शेजारच्या कारवारला भारतीय नौदलात दाखल झाले. त्याचे नाव 'कौंडिण्य'. असल्या जहाजाचा एकही आराखडा शिल्लक नव्हता. आकार, शिडांची ठेवण, सुकाणू, सगळे चित्राकडे बघून आणि आजच्या अभियंत्यांकडून ताडून घेऊन ठरवावे लागले.

मी कॉलेजात इतिहास शिकवतो, त्यामुळे ही गोष्ट मला वर्गात वारंवार सांगावीशी वाटते. जहाज जाते, चित्र राहते. पण ते आपोआप राहत नाही. टिकेल अशा जागी, टिकेल अशा रंगांनी कुणीतरी ते काढून ठेवावे लागते. आज हेच काम आपण कॅमेऱ्याने करतो आणि बहुतेक वेळा उलटे करतो. कॅमेऱ्याला पोटाशी धरतो आणि चित्राला विसरतो.

हा विषय आज काढायचे कारण म्हणजे आमच्या कॉलेजची एक माजी विद्यार्थिनी. खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. वडिलांकडून मराठी आणि आईकडून कानडी, म्हणजे तुमच्या-आमच्यासारखेच घर. आपल्या तालुक्याच्या डोंगरात जन्मणाऱ्या म्हादई नदीचे नाव दिलेली एक शिडाची बोट गोव्याच्या दिवाडी बेटावर बांधली गेली आणि तिच्यातून नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. असे करणारे ते पहिले भारतीय. ही हकीकत या मुलीने शाळेत असताना ऐकली आणि ती तिच्या डोक्यातून कधी गेली नाही. पुढे नोकरीनिमित्त गोव्याला गेल्यावर ती शिडाची बोट चालवायला शिकली. यंदा जानेवारीत तिला एका चाळीस फुटी बोटीवर जागा मिळाली. गोवा ते कोची, समुद्रातून सुमारे साडेतीनशे सागरी मैल, म्हणजे साडेसहाशे किलोमीटर. वाटेत थांबत सात दिवसांचा प्रवास, सहा माणसे, आणि हिच्याकडे इतर कामांबरोबर फोटो काढण्याचे काम.

कॉलेजच्या छायाचित्रण मंडळाचे काम मी बरीच वर्षे पाहतो, म्हणून निघण्याआधी ती वडिलांना आणि अज्जींना घेऊन आमच्या घरी आली. अज्जी म्हणजे आईची आई, धारवाडकडच्या. तिने सतरंजीवर सामान मांडायला सुरुवात केली. कॅमेरा, तीन लेन्स, धारवाडच्या मामांच्या स्टुडिओतली तिकाटी, त्यांचाच फ्लॅश, एक जुना दुसरा कॅमेरा, मित्राचा ड्रोन, लॅपटॉप, फिल्टरांची डबी, चार्जर, पॉवर बँक, आणि हे सगळे मावेल अशी पाठीवरची भली मोठी बॅग. शिवाय एक वस्तू अजून आलेली नव्हती. लांबचे पक्षी आणि डॉल्फिन टिपणारी मोठी लेन्स. किंमत ६० हजार.

"सर, सोसायटीतनं कर्ज काढतो म्हटलं तर काढीन," वडील म्हणाले. "पोरगी परत कधी जाईल, न जाईल. पण आधी तुम्ही सांगा, लागती काय ती?"

"सर, असा चान्स पुन्हा येणार नाही," तिने घाईने सांगितले. "नंतर वाटायला नको, लेन्स नव्हती म्हणून राहिलं."

अज्जींनी सतरंजीभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "इष्टेल्ला याक बेकव्वा?"

त्या संध्याकाळी विचारला गेलेला सगळ्यात नेमका प्रश्न हाच होता. मी तिला उत्तर देण्याऐवजी फ्रँक हर्लीची गोष्ट सांगितली. ती तुम्हालाही सांगतो, कारण समुद्रप्रवासाला कॅमेरा नेणाऱ्या प्रत्येकाने ती ऐकावी अशी आहे.

हर्ली हा ऑस्ट्रेलियाचा छायाचित्रकार. १९१४ साली सर अर्नेस्ट शॅकल्टनच्या अंटार्क्टिक मोहिमेत तो 'एंड्युरन्स' जहाजावर चढला. तीन डोलकाठ्यांचे हे जहाज शिडांवर चाले आणि जोडीला वाफेचे इंजिनही होते. हर्लीकडे काचेच्या प्लेटांवर चित्र घेणारे मोठे कॅमेरे, रंगीत चित्रांच्या प्लेटा, चलच्चित्राचा कॅमेरा असा मोठा सरंजाम होता. डोलकाठीवर चढून, आडव्या काठीच्या टोकाला बसून तो फोटो काढी. जानेवारी १९१५ मध्ये जहाज बर्फात अडकले. तरी त्याचे काम चालूच. ऑगस्टमध्ये अंटार्क्टिकच्या काळोख्या रात्री त्याने बर्फावर ठिकठिकाणी सुमारे २० फ्लॅश उडवून त्या जहाजाचा जो फोटो घेतला, तो आजही पाहणाऱ्याला थांबवतो.

ऑक्टोबरअखेर बर्फाच्या दाबाने जहाज चिरडले गेले आणि माणसे बर्फावर उतरली. हर्लीच्या काचेच्या प्लेटा आत राहिल्या होत्या, पण त्या डाग देऊन बंद केलेल्या पत्र्याच्या डब्यांत होत्या. काही दिवसांनी तो मोडक्या जहाजावर परत गेला, कपडे उतरवून त्या बर्फाच्या चिखलात शिरला आणि डबे बाहेर काढले. पाण्याखाली राहूनही आतल्या प्लेटा वाचल्या होत्या. आता प्रश्न आला वजनाचा. पुढे बर्फावरून चालायचे, मग उघड्या होड्यांतून समुद्र ओलांडायचा. माणशी खासगी सामान दोन पौंड, म्हणजे एक किलोसुद्धा नाही, असा हुकूम होता. तेव्हा हर्ली आणि शॅकल्टन बर्फावर बसले आणि एकेक प्लेट उचलून पाहू लागले. सुमारे १२० ठेवल्या. जवळजवळ ४०० तिथेच फोडून टाकल्या, पुन्हा मोह होऊ नये म्हणून. मोठे कॅमेरे सोडून दिले. जवळ राहिला खिशात मावणारा एक छोटा कोडॅक आणि फिल्मचे तीन रोल.

नोव्हेंबरात 'एंड्युरन्स' तळाला गेले. पुढचे कितीतरी महिने त्या प्लेटा बर्फाच्या तुकड्यांवर, होडीत आणि एलिफंट बेटाच्या खडकांवर माणसांबरोबर राहिल्या. शॅकल्टन पाच सोबती घेऊन एका होडीतून मदत आणायला गेला, त्या होडीच्या निघण्याची चित्रे हर्लीने त्या खिशातल्या कॅमेऱ्यानेच घेतली. ३० ऑगस्ट १९१६ ला बेटावरच्यांची सुटका झाली. जहाजावरच्या २८ माणसांपैकी एकही दगावला नाही. बुडालेले जहाज मार्च २०२२ मध्ये तीन हजार मीटर खोल सापडले. पण त्याआधी शंभर वर्षे जगाने ते पाहिले, ते हर्लीने वाचवलेल्या चित्रांतूनच.

गोष्ट संपली तेव्हा मी तिला विचारले, "हर्लीनं काय सोडलं आणि काय वाचवलं?"

"कॅमेरे सोडले. फोटो वाचवले," ती म्हणाली.

"मग आता आपणही याच हिशेबानं सामान लावू."

आम्ही सतरंजीवर तीन ढीग केले. न्यायचे, ठेवायचे, आणि ज्याबद्दल भांडण आहे ते. पहिला नियम खलाशांचाच आहे. एक हात बोटीसाठी, एक हात स्वतःसाठी. बोट कलते, उडते, अचानक वळते. एका हाताने काहीतरी घट्ट धरल्याशिवाय उभे राहता येत नाही. म्हणजे कॅमेऱ्याला उरतो एकच हात, आणि तोही बोटीचे काम नसेल तेव्हा. बसून दोन्ही गुडघे टेकवले तर क्षणभर दुसरा हात सुटतो. या एका नियमाने अर्धा ढीग निकालात निघाला. तिकाटी गेली. जिथे जमीनच हलते तिथे तीन पायांचा उपयोग काय? तिच्याऐवजी शटरचा वेग सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या पुढे ठेवायचा. मोठा फ्लॅश गेला. डेकवर अंधारात तो उडवला तर सुकाणूवरच्या माणसाचे डोळे दिपतात आणि त्याला बराच वेळ समुद्र दिसत नाही. ड्रोन गेला. हलत्या बोटीवर तो परत उतरवणे हे सराईताचे काम, आणि वाटेत कारवारला आणि शेवटी कोचीला नौदलाचे मोठे तळ. अशा ठिकाणी ड्रोन तर सोडाच, साधा कॅमेराही तळाच्या दिशेला वळवायचा नाही, हे मी तिला बजावून सांगितले.

मग भांडणाचा ढीग. ती साठ हजारांची लेन्स.

"डॉल्फिन आले तर, सर?"

"येतील की. पण तू उभी कुठं असणार आहेस?"

हा प्रश्न किनाऱ्यावर बसून सुचत नाही. लांबची लेन्स जसे लांबचे जवळ आणते, तसाच हाताचा आणि बोटीचा प्रत्येक हेलकावाही मोठा करते. पक्षी चौकटीत सापडतो न सापडतो तोच चौकटीत नुसते आभाळ येते. वजनामुळे एका हातात ती पेलत नाही. आणि मुख्य म्हणजे चाळीस फुटी बोटीवर तुमच्यापासून सगळ्यात लांबचा माणूस फार तर तीस फुटांवर असतो. बाकीचे सगळे पाच-सात फुटांत. दोर ओढणारा, स्वयंपाक करणारा, उलटी होऊन कडेला टेकलेला. या सगळ्यांसाठी लागते ती जवळून बरेच काही सामावून घेणारी लेन्स, आणि तशी तिच्याकडे होतीच. साधी १८ ते १३५ ची झूम. एकच लेन्स लावून ठेवायची आणि डेकवर ती काढायची नाही. कारण लेन्स बदलताना कॅमेऱ्याचे पोट उघडे पडते आणि खारा वारा त्या क्षणाचीच वाट बघत असतो.

आणखी एक गोष्ट तिला आधी पटेना. शिडे फुगलेल्या आपल्या बोटीचा पूर्ण फोटो तिला हवा होता. आपल्याच बोटीत बसून आपली बोट पूर्ण दिसत नाही. घराच्या माजघरातून घराचा दर्शनी फोटो निघेल काय? त्यासाठी दुसरी बोट लागते, नाहीतर हर्लीसारखे बर्फावर उतरावे लागते. तेव्हा निघताना धक्क्यावरून कुणीतरी तो फोटो काढावा आणि हिने आतले काम करावे, असे ठरले.

लेन्सचा विषय संपला तेव्हा वडिलांनी चहाचा कप उचलला. तोपर्यंत तो गार झाला होता.

आता बांधाबांध. समुद्रावर कॅमेऱ्याचा शत्रू पाणी, असे सगळे म्हणतात. खरा शत्रू मीठ. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. शिंतोडा उडतो, पाणी वाळते, आपल्याला वाटते संपले. पण मीठ तिथेच बसलेले असते. पावसाळ्यात आपल्या स्वयंपाकघरातली मिठाची बरणी कशी पाझरते, ते प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. तेच मीठ कॅमेऱ्याच्या बटणांच्या फटीत, लेन्सच्या कड्यात बसून हवेतली ओल ओढत राहते. खारट ओलीतून वीज सहज वाहते, धातूचे टोक गंजते, आणि आठ दिवसांनी घरी आल्यावर, सगळे सुखरूप वाटत असताना, कॅमेरा बंद पडतो. मी हे सांगत असताना अज्जी मान डोलवत होत्या. म्हणाल्या, "उप्पु तिंदवनु नीरु कुडियलेबेकु." मीठ खाल्ले त्याला पाणी प्यावेच लागते. ही म्हण आपण माणसांच्या कर्माबद्दल वापरतो. कॅमेऱ्यालाही ती इतकी तंतोतंत लागू पडते हे मला त्या दिवशी कळले.

म्हणून उपाय म्हणीतच आहे. मिठाला गोडे पाणी द्यायचे. स्वच्छ कापड गोड्या पाण्यात बुडवून घट्ट पिळायचे, त्याने कॅमेरा बाहेरून टिपायचा, मग कोरड्या कापडाने. कोरड्या कापडाने आधी घासायचे नाही, कारण मिठाचा खडा काचेवर ओरखडा काढतो. लेन्सच्या तोंडावर साधा पारदर्शक फिल्टर लावून ठेवायचा. ओरखडा पडलाच तर शे-पाचशे रुपयांच्या काचेवर पडू दे. बोटीवर गोडे पाणी मोजून असते, तेव्हा यासाठी आपली एक बाटली वेगळी न्यायची. उन्हासाठी हाताला जे क्रीम लावतो, त्याचा चिकट हात काचेला लावायचा नाही. कापडांची सोय अज्जींनी केली. त्यांच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याचे आठ तुकडे. अंग पुसायला इतके चांगले कापड दुकानात मिळणार नाही. फक्त लेन्सच्या काचेसाठी वेगळे कापड घेतले, कारण सुताचे तंतू काचेला चिकटतात.

दुसरा त्रास वाफेचा. एसी गाडीतून थेट दमट धक्क्यावर उतरून कॅमेरा बाहेर काढला, की थंड काचेवर दव धरते. म्हणून गाडीत असतानाच तो पिशवीत बंद करायचा आणि बाहेर आल्यावर अर्धा तास पिशवी उघडायची नाही. आत सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या. रंग बदलणारे दाणे मिळतात, त्यांचा रंग पालटला की ओल भरली समजायचे. गरम करून वाळवले की ते पुन्हा कामाला येतात. चोर्ला आणि आंबोलीच्या बाजूच्या पावसात राहणाऱ्या आपल्या लोकांना हे दाणे घरातही हवेतच. कपाटात चामडी पिशवीत ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरते, तिला कारण हीच ओल.

बॅग कुठली घ्यायची? भक्कम टणक पेटी उत्तम, पण लहान बोटीवर ती ठेवायला जागा नसते आणि रात्री ती कुणाच्या तरी पायावर पडते. पाठीवरच्या फॅशनेबल बॅगेला दहा चेन, म्हणजे पाणी शिरायला दहा वाटा. त्यापेक्षा तोंड तीन-चार वेळा गुंडाळून बंद करायची जाड रबरी कापडाची पिशवी बरी. रंग भडक पिवळा किंवा नारिंगी. आत थोडी हवा ठेवली तर ती पाण्यावर तरंगते आणि लांबून दिसते.

पण विकणारा म्हणतो म्हणून विश्वास ठेवायचा नाही. पिशवी घरी तपासता येते. तिच्या वडिलांनी घरी जाऊन ती तपासली. आत आपल्याच साप्ताहिकाचे एक पान ठेवले, तोंड गुंडाळले, पिशवी हौदात बुडवली आणि वर वरवंटा ठेवला. अर्ध्या तासाने काढली. पान कोरडे. फोनवर मला म्हणाले, "सर, तुमचा लेख सुखरूप हाय."

आता सगळ्यात लहान आणि सगळ्यात महत्त्वाची वस्तू. मेमरी कार्ड. हर्लीच्या काचेच्या प्लेटांच्या जागी आज ते आहे. एकच मोठे कार्ड घेण्यापेक्षा लहान चार घ्यावीत. एक हरवले, बिघडले तर सगळा प्रवास जात नाही. समुद्रावर असताना एकही फोटो पुसायचा नाही. घाईत आणि पेंगुळलेल्या डोळ्यांनी पुसलेला फोटो बहुधा हवा असलेलाच असतो. लॅपटॉप ठेवायच्या ढिगात गेला, कारण त्याला वीज फार लागते. बोटीची बॅटरी आधी दिव्यांसाठी, रेडिओसाठी, दिशादर्शक यंत्रांसाठी असते. आपल्या कॅमेऱ्याचा नंबर शेवटी. म्हणून कॅमेऱ्याच्या तीन बॅटऱ्या भरून न्यायच्या आणि रोज संध्याकाळी कार्डावरचे फोटो फोनमार्फत बोटभर लांबीच्या साठवणीच्या डिस्कवर उतरवायचे.

आणि या दोन प्रती कधीही एका पिशवीत ठेवायच्या नाहीत. डिस्क कॅमेऱ्याबरोबर. भरलेली कार्डे रबरी कडेच्या घट्ट झाकणाच्या लहान डब्यात, आणि तो डबा कप्तानाला विचारून त्या पिशवीत, जी बोट सोडायची वेळ आली तर उचलायची म्हणून तयार ठेवलेली असते. तिच्यात पाणी, औषधे, खुणेचे दिवे असतात. शंभर ग्रॅमच्या आतल्या डब्याला कोणी नाही म्हणत नाही. तशी वेळ आली तर कॅमेऱ्यासाठी खाली उतरायचे नाही, हे मी तिच्याकडून वडिलांच्या समोर वदवून घेतले. "कॅमेरा बुडाला तरी चालेल," तिने म्हटले. वडील काही बोलले नाहीत, पण कर्ज न काढण्यापेक्षाही हे वाक्य त्यांना जास्त हवे होते असे मला वाटले.

शेवटी राहिला प्रश्न, फोटो कशाचे? सूर्यास्ताचे काढशीलच, मी म्हटले, ते न सांगता निघतात. पण वहीत दहा ओळी लिहून ने. दोर धरलेले हात. गाठी. रात्रीच्या पाळ्या कशा लावतात. झोपतात कुठे. नकाशावर पेन्सिलीने केलेल्या खुणा. पहिल्या दिवशी मात्र कॅमेऱ्याच्या भोकाला डोळा लावून फार बसायचे नाही, क्षितिजाकडे बघायचे, नाहीतर पोट ढवळून येते. अज्जींनी आपली एक ओळ घातली. भात कसा शिजवतात तेवढे बघून ये, भांडे सांडत कसे नाही?

ती गेली आणि आली. चौथ्या दिवशी दुपारी वाऱ्याने जोर धरल्यावर एक लाट थेट आत आली आणि फोन खिशातच भिजून कायमचा गेला. फोनमध्ये उतरवून घेतलेले मधल्या दिवसांचे काही व्हिडिओ त्याच्याबरोबर गेले, त्याची तिला हळहळ आहे. कार्डे आणि डिस्क कोरडी होती. डॉल्फिन आले होते. तिच्या फोटोत ते पांढऱ्या फेसातल्या दोन करड्या रेघा आहेत. पण तो फोटो बघताना वडिलांचे लक्ष त्या रेघांकडे नव्हते. त्या बघायला कडेला धावलेली पाच माणसे चौकटीत होती, त्यांच्या तोंडावरचा आनंद होता. वाईड लेन्सने ती माणसे आली. लांबच्या लेन्सने कदाचित डॉल्फिन आले असते.

अज्जींना आवडलेला फोटो वेगळाच. बोट एका अंगाला कललेली, फळ्या तिरक्या, माणूस तिरका, आणि मधोमध शेगडी मात्र सरळ, तिच्यावर भाताचे पातेले. शेगडी दोन बाजूंच्या खिळींवर झुलती टांगलेली असते. बोट कलली तरी ती आपल्या वजनाने समतोल राहते. देवघरातल्या टांगत्या दिव्यासारखी. अज्जींनी तो फोटो कागदावर काढून घेतला आहे आणि आल्यागेल्याला दाखवतात.

वाचकहो, आपल्यापैकी फार थोडे शिडाच्या बोटीतून कोचीला जातील. पण सुट्टीत कारवारला, मालवणला, मुरुडेश्वरला आपण जातोच, होडीत बसतोच, आणि फोन हातात धरून कडेला वाकतोच. त्या दिवशी गोड्या पाण्याची बाटली आणि जुन्या सुती कापडाचा तुकडा पिशवीत असू द्या. एक हात होडीला असू द्या. रात्री मुक्कामाला आल्यावर दहा मिनिटे काढून त्या दिवसाचे फोटो दुसरीकडे उतरवा, आणि ती दुसरी प्रत दुसऱ्याच्या पिशवीत ठेवा.

आणि घरी आल्यावर आणखी एक काम करा. आपल्या प्रत्येक घरात एक जुनी ट्रंक असते. तिच्यात आजोबांचे लग्न, धारवाडच्या मावशीची मंगळागौर, बेळगावच्या जुन्या घराचे अंगण असते. मागे कुणीतरी शाईने नावे लिहिलेली असतात, काही मराठीत, काही कन्नडात. दर पावसाळ्यात त्या फोटोंना ओल लागते आणि एकेक चेहरा फिका होत जातो. नवा कॅमेरा घ्यायच्या आधी ती ट्रंक उघडा. फोटो वाळवा, त्यांची एकेक प्रत करा आणि ती दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवायला द्या. मागची नावे वाचता येणारे माणूस घरात आहे तोवर ती दोन्ही लिप्यांत पुन्हा लिहून घ्या. हे काम एका रविवारचे आहे, आणि त्याला एक रुपयाचेही कर्ज काढावे लागत नाही.